मारा म्हणा

माझ्या सासूबाईंच्या स्मरणसभेत चर्चच्या मंडळीतले सगळे त्यांच्याबद्दल फार चांगलं बोलले. सोशिक होत्या म्हणाले, प्रेमळ होत्या म्हणाले. पाळकसाहेब तर म्हणाले की सलोमीबाईंच्या मनाला मत्सर कधी शिवला नाही. मी पहिल्या बाकावर होते, तोंडाला पदर लावला. लोकांना वाटलं, रडतेय. एका चुलीवर मी त्यांच्याबरोबर संसार केला, आणि मी सांगते, एवढी जळकी बाई अख्ख्या सोलापुरात नव्हती.

दागिन्यांवर जळायच्या नाहीत. कुणाच्या इरकली लुगड्याकडं मान वळवूनसुद्धा बघायच्या नाहीत. पण दुसऱ्या कुणाला ऐकणारी माणसं मिळाली की त्यांच्या पोटात दुखायला लागायचं. नवी पेठेत एक पोपटवाला बसायचा. पिंजऱ्यातला पोपट चोचीनं चिठ्ठी काढायचा आणि हा भविष्य सांगायचा. त्याच्याभोवती गर्दी दिसली की आत्याबाईंचं तोंड उतरायचं. मी त्यांना आत्याबाई म्हणायचे, आमच्याकडं सासूला तसंच म्हणतात. "बघ," त्या म्हणायच्या, "पाखरासमोर एवढी माणसं. मी घसा कोरडा करते, तर दोन म्हाताऱ्या आणि एक शेळी."

त्या बायबलबाई होत्या. गावोगाव जायचं, बायकांना जमवायचं आणि शास्त्रातल्या गोष्टी सांगायच्या, हे त्यांचं मिशनचं काम. खांद्यावर रंगीत चित्रांची गुंडाळी, हातात छत्री आणि पायात टायरच्या चपला. वैरागचा बाजार असो की मोडनिंबची चावडी, चाळीस वर्षं त्यांनी हेच केलं. बायका ऐकायच्या, नाही असं नाही. पण ऐकता ऐकता गहू निवडायच्या, एकमेकींच्या उवा काढायच्या. योसेफाला त्याच्या भावांनी विहिरीत ढकललं असं एकदा आत्याबाईंनी अगदी गहिवरून सांगितलं, तर एक बाई म्हणाली, "पाणी लागलं होतं का त्या हिरीला?" कुणाच्याही डोळ्यात कधी थेंब आला नाही. बाकी सगळं त्यांनी सोसलं, हे मात्र त्यांना सोसलं नाही.

आता माझं सांगते. माझं रूथशी कधी पटलं नाही. ही रूथ म्हणजे शास्त्रातली सून. बेथलेहेम गावात दुष्काळ पडला, तेव्हा नामी नावाची बाई नवरा आणि दोन मुलं घेऊन मवाब देशात जगायला गेली. तिथं नवरा मेला, मग दोन्ही मुलं मेली. राहिल्या दोन सुना. एक माहेरी गेली. दुसरी, म्हणजे ही रूथ, सासूला सोडेना. तू जिथं जाशील तिथं मी, असं म्हणून तिच्याबरोबर निघाली. झालं! लग्न झाल्यापासून ही रूथ माझ्या डोक्यावर बसली. भाकरी करपली की आत्याबाईंच्या तोंडी रूथ. माहेरी चार दिवस जास्त राहिले की रूथ. शेजारीण असती तर मी नळावर गाठून भांडले असते. रूथचं मला एकच आवडायचं. पहिल्या नवऱ्यापासून तिलाही मूल झालं नव्हतं. मला तर कधीच झालं नाही.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. विहिरी आटल्या, जनावरं मेली, आणि बायाबापड्या माळावर माती उपसायला लागल्या. शहराच्या दक्षिणेला, जिथून बोलण्यात कानडी शिरायला लागते, तिथं एका माळावर पाझर तलावाचं काम निघालं. कामावरच्या तान्ह्या पोरांसाठी मंडळीनं तिथं पाळणाघर चालवायला घेतलं. पाळणाघर म्हणजे काय, बांबूंवर ताडपत्री आणि तिच्या सावलीत लुगड्यांच्या झोळ्या. पाळकसाहेबांनी आत्याबाईंना पाठवलं आणि आत्याबाईंनी मला ओढलं. दुष्काळी कामावर खायला वाटायच्या सुकडीची पोती घेऊन सकाळी ट्रक निघायचा, त्यातच आम्ही बसायचो.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत बायका पोरांना पाजायला यायच्या. तेवढ्यात आत्याबाई चित्रांची गुंडाळी उघडायच्या. बायका अंगावर पोर घेऊन तिथंच पेंगायच्या. फक्त एकजण पेंगत नसे. ती मल्लव्वा.

मल्लव्वा जवळच्याच गावची. घर अर्धं कानडी, अर्धं मराठी. वयानं पन्नाशीची, हातानं पुरुषासारखी. तिची लेक मायाक्का माहेरी बाळंतपणाला आली आणि दुष्काळामुळं तिथंच अडकली. जावई ऊसतोडीला लांब गेला होता. मायाक्काला मुलगी झाली होती, अजून बारसंसुद्धा झालं नव्हतं, आणि बारशाला घुगऱ्या तरी कुठून आणायच्या होत्या? ती मुलगी आमच्या झोळीत असायची. मल्लव्वा टिकावानं मुरूम खणायची, मायाक्का पाट्या वाहायची. ओली बाळंतीण म्हणून आईनं तिला खणू दिलं नव्हतं.

मल्लव्वा गोष्ट ऐकताना हुंकार द्यायची. "हूं" म्हणायची, आणि तो हुंकार आला की आत्याबाईंचा चेहरा असा काही खुलायचा की मला राग यायचा. मीही इतकी वर्षं त्याच गोष्टी ऐकल्या होत्या. माझ्या हुंकाराकडं त्यांनी कधी लक्ष दिलं नाही.

त्या दिवशी त्यांनी नामीची गोष्ट काढली. मी झोळ्या हलवायला निघून गेले, पण कान तिकडंच होता. नामीचा नवरा मेला, मुलं मेली, तेव्हा मल्लव्वाच्या डोळ्यातून पाणी वाहायला लागलं. आत्याबाईंना चाळीस वर्षांत पहिल्यांदा गोष्टीला रडणारं माणूस मिळालं. तेवढ्यात मुकादमाची शिट्टी झाली. बायका उठल्या, मल्लव्वाही उठायला लागली.

आत्याबाईंनी तिचा हात धरला. "बस गं. एवढं ऐकून जा."

मायाक्का हसली. "अव्वा, तू ऐक की. तुजा टिकाव मी घिऊन जाते." पोरीच्या गालाला बोट लावून ती गेली.

आत्याबाई सांगत राहिल्या. नामी रिकाम्या हातांनी आपल्या गावात परत आली. गावच्या बायका म्हणाल्या, ही नामीच का? ती म्हणाली, मला आता नामी म्हणू नका, मारा म्हणा.

एवढं बोलून झालं आणि तिकडं धप्प असा आवाज आला. खालून पोखरलेली मुरमाची कपार खणणाऱ्या बायकांवर बसली होती. आम्ही पोचलो तेव्हा नुसती धूळ होती आणि बायका हातांनी माती उकरत होत्या. काहीजणींना जिवंत काढलं. मायाक्काला काढलं तेव्हा ती गेली होती. तिच्यासारख्या आणखी पाचसहा होत्या, सगळ्या आसपासच्या दोन गावांतल्या.

काम थोडे दिवस बंद राहिलं. मग तलावाच्या दुसऱ्या अंगाला सुरू झालं आणि त्याच बायका परत आल्या. न येऊन करतील काय? कुणाच्या घरात सुतक होतं, तर कुणाच्या घरात पीठ नव्हतं. मयताच्या घरी कडू घास न्यायचा रिवाज असतो, तोसुद्धा कुणाला पाळता आला नाही. बायका काम करायच्या, पण दुपारी भाकरी सोडून नुसत्या बसायच्या. मिलोची, म्हणजे रेशनवरच्या परदेशी ज्वारीची, लाल भाकरी वाळून जायची. एकमेकींकडं बघायच्या नाहीत. वाचलेली प्रत्येक बाई वाचल्याबद्दल मान खाली घालून होती.

मल्लव्वा आपल्या नातीकडं बघेना. "तिच्या तोंडावर मायाक्का हाय," म्हणायची आणि तोंड फिरवायची. जावई आला, रडला, परत ऊसतोडीला गेला. पोरीला कोण बघणार? मी बघितलं. मंडळीच्या दुधाची पावडर कालवून बोंडल्यानं पाजली. रात्री कुठं ठेवायची, म्हणून मल्लव्वाला विचारून घरी सोलापूरला नेली. गिरणीतून रात्रपाळी करून आलेले आमचे हे सकाळी तिच्यासमोर मांडी घालून बसायचे. पंधरवड्यात ती माझा आवाज ओळखायला लागली. तिला मी एक नाव ठेवलं होतं. ते मी कुणाला सांगितलं नाही आणि आताही सांगणार नाही.

मग एका दुपारी मल्लव्वा बाभळीखाली बसल्या बसल्या बोलायला लागली. बायका तिच्याकडं वळल्या.

"एक म्हातारी हुती," ती म्हणाली. "नामव्वा. तिच्या गावाला दुस्काळ पडला. म्हून पोरंबाळं घिऊन ती मोहोळला गेली."

ताडपत्रीखाली आत्याबाई ताठ झाल्या. "मोहोळ?" त्या माझ्या कानात फुत्कारल्या. "मवाब! मवाबचं मोहोळ केलं हिनं!"

"मोहोळला तिची पोरं मेली," मल्लव्वा सांगत होती. "ती येकलीच मागं ऱ्हायली. का ऱ्हायली, तिलाच ठावं न्हाय. गावात आली. बाया म्हनाल्या, नामव्वा, ये. तर म्हनली, मला नामव्वा म्हनू नका. मला मारा."

ती थांबली. तिच्यासाठी गोष्ट तिथंच संपली होती, पुढचं तिनं ऐकलंच नव्हतं.

शिवम्मा नावाची एक बाई होती. ती कपारीखाली खणत होती आणि पाणी प्यायला म्हणून बाजूला गेल्यानं वाचली होती. ती एकदम म्हणाली, "मला बी मारा." शेजारच्या बाईनं हात उचलला आणि तिच्या पाठीवर एक थाप मारली. शिवम्मा ओक्साबोक्शी रडली. मग तिनं समोरची भाकरी मोडून खाल्ली. तिच्या पुढची म्हणाली, "मला मारा." तिलाही कुणीतरी मारलं आणि तिनंही खाल्लं.

त्यानंतर रोज तेच व्हायला लागलं. दुपारी रिंगण धरायचं, मल्लव्वानं म्हातारीची गोष्ट सांगायची, आणि जिला वाटेल तिनं मला मारा म्हणायचं. थाप बसली की ती जेवायची. कुणी शिकवलं नव्हतं. एका शब्दाची चूक झाली होती आणि दोन गावं त्या चुकीवर जेवत होती.

आत्याबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. घरी आल्या की फेऱ्या मारायच्या. "मारा म्हणजे मारणं नव्हे गं! इब्री भाषेतला शब्द आहे तो. आणि निम्मी गोष्ट! शेंडा नाही, बुडखा नाही. तिच्या निम्म्या गोष्टीला रडतात, आणि माझ्या अख्ख्या शास्त्राला कुणी रडलं नाही." एकदा तर त्या ताटावर बसूनच म्हणाल्या, "देवानं गोष्ट माझ्या तोंडात घातली आणि रडणारी माणसं तिच्यापुढं बसवली. हा कसला न्याय?" जेवल्या नाहीत. मुद्दाम चित्रांची गुंडाळी घेऊन त्या रिंगणाजवळ जाऊन उभ्या राहिल्या. कुणी मान वर केली नाही.

"पुढचं सांगायला हवं त्यांना," त्या म्हणायला लागल्या. "पुढंच तर अर्थ आहे सगळा."

पुढचं काय आहे ते मला पाठ होतं. पुढं रूथला मुलगा होतो आणि म्हातारी नामी त्याला आपल्या मांडीवर घेते. मी पोरीला छातीशी धरून म्हणाले, "राहू द्या हो आत्याबाई. त्यांना त्यांचं रडू द्या. कशाला मोडता घालता?" मला मल्लव्वाचं मोहोळ चालत होतं. तिची गोष्ट मारा या शब्दावर थांबली होती तोवर पोर माझं होतं.

पण आत्याबाई कुणाचं ऐकणाऱ्या नव्हत्या. एका दुपारी मल्लव्वाची गोष्ट मोहोळपर्यंत आली आणि ह्या तरातरा चालत रिंगणात शिरल्या.

"थांबा! चुकीचं सांगते ही. मोहोळ नाही, मवाब. आणि मारा म्हणजे मारणं नाही. मारा म्हणजे कडू. ती म्हणते, मला कडू म्हणा."

मल्लव्वानं वर बघितलं. "कडू?"

"कडू."

"कडू तर हायेच की, अक्का," मल्लव्वा म्हणाली. "त्ये काय म्हनावं लागतंय व्हय? कडू ज्याचं त्यो गिळतोय. मारायला दुसरं मानूस लागतंय."

"ते शास्त्र आहे! तुझ्या मनाला येईल तसं नाही सांगायचं. गोष्ट माझी आहे. चाळीस वर्षं उन्हातान्हातून वाहिली मी. तू एकदा ऐकलीस, तीही अर्धी, आणि..."

"घे की मग तुजी गोष्ट," मल्लव्वा म्हणाली. "घे परत. आन् माजी मायाक्का दे."

मी ताडपत्रीखालून पोर घेऊन पुढं आले होते. आत्याबाई मधोमध उभ्या होत्या आणि त्यांची छत्री हातातून गळून पडली होती.

"ती उठत होती," त्या म्हणाल्या. कुणाला म्हणत होत्या कळेना. "शिट्टी झाली तशी ती उठली होती. मीच हात धरला. मला वाटलं, माझ्या गोष्टीला कुणीतरी रडतंय. म्हणून धरला."

मग त्या खाली बसल्या. गुडघ्यांचा त्रास होता, एका हातानं जमीन चाचपत बसल्या. "मला मारा," म्हणाल्या.

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. पांढऱ्या केसांच्या बाईवर हात कोण उचलणार? मल्लव्वा उठली. तिनं मारलेली ती पाठीवरची थाप नव्हती. दिवसभर टिकाव चालवणारा हात होता तो, आणि तो तिनं पुरता चालवला. आवाज मला स्पष्ट ऐकू आला. आत्याबाई पुढं वाकल्या, दोन्ही हात मातीत टेकले आणि लहान पोरासारख्या भोकाड पसरून रडल्या. मला मल्लव्वाचा राग आला, आणि खरं सांगायचं तर हेवाही वाटला. माझ्यासमोर आत्याबाई कधी अशा रडल्या नव्हत्या.

मल्लव्वा त्यांच्याजवळच बसली. आपल्या भाकरीचा तुकडा मोडून तिनं त्यांच्या हातात दिला. घरी मिलोची भाकरी पुढं ठेवली की नाक मुरडणाऱ्या माझ्या सासूनं तो मुकाट्यानं खाल्ला.

"आता सांग," मल्लव्वा म्हणाली. "म्हातारी गावात आली, मारा म्हनली. फुडं?"

मी पोरीला खांद्यावर घेतलं. "आत्याबाई, शिट्टी होईल आता," मी म्हणाले. "उद्या सांगा."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग माझ्या खांद्यावरच्या पोरीकडं बघितलं. त्यांना कळलं, अगदी सगळं कळलं. माझ्यावरची नजर त्यांनी काढून घेतली आणि सांगायला लागल्या.

इतकी वाईट गोष्ट त्यांनी आयुष्यात सांगितली नसेल. नाक वाहत होतं, तोंडात घास होता, चित्रांची गुंडाळी तिकडं मातीत पडली होती. सून दुसऱ्याच्या शेतात सरवा वेचायला गेली, पडलेली कणसं गोळा करून सासूला जगवलं, त्याच शेतवाल्यानं तिच्याशी लग्न केलं, तिला मूल झालं. मल्लव्वा हुंकार देत होती. मग सगळ्याच बायका हुंकार द्यायला लागल्या.

"आणि म्हातारीनं ते पोर घेतलं आणि मांडीवर ठेवलं," आत्याबाई म्हणाल्या.

"आन् तिची मेलेली पोरं?" मल्लव्वानं विचारलं. "ती आली का माघारी?"

"नाही. ती नाही आली."

"मग ह्याला मांडीवर कसं घेतलं तिनं?"

चाळीस वर्षांत हे आत्याबाईंना कुणी विचारलं नव्हतं. "ते लिहिलेलं नाही," त्या म्हणाल्या. "घेतलं, एवढंच आहे."

"हूं," मल्लव्वा म्हणाली.

मग तिनं लुगड्याला हात पुसले आणि दोन्ही हात माझ्याकडं पसरले.

पोरगी माझ्या पदराचं टोक चोखत होती. मी मागं सरले.

"द्या की, बाई," मल्लव्वा म्हणाली.

मी दिली. परक्या हातात गेल्याबरोबर पोरीनं टाहो फोडला. मल्लव्वानं तिला मांडीवर घेतलं, आणि मग मल्लव्वाही रडायला लागली, आणि आत्याबाईंनी वाकून पोरीच्या पायांवरून हात फिरवला. शिवम्मा जरा सरकली आणि तिनं रिंगणात माझ्यासाठी जागा केली. "बसा की, बाई तुमी बी," म्हणाली.

मी बसले नाही. तिथं बसून मला मारा म्हणायला आपलं कुणीतरी गेलेलं असावं लागतं. माझं कुणीच गेलं नव्हतं. पोरगी समोरच होती, जिवंत, आणि आजीच्या मांडीवर तिचं रडं थांबत आलं होतं.